सातातला एक रोट

अल्लालची भट्टी बंद पडून अकरा वर्षं झाली, तरी पहाटे जाग आली की त्याचा हात आपसूक लाकडं चाचपायला जातो. काय दिवस होते ते! मोरोक्कोतल्या फेझ शहराच्या त्या गल्लीतली प्रत्येक बाई घरी कणीक मळून रोट थापायची, फळीवर मांडून वर फडकं टाकायची आणि फळी अल्लालकडे भाजायला धाडायची. नाव विचारायची गरजच नव्हती. कुणाच्या रोटावर अंगठ्याचा ठसा, कुणाच्या कडेला टोचे. चाळीस घरांचे रोट तो बरोबर ओळखायचा.

चाळिशीत मात्र धुरानं त्याची छाती भरली. घरात लग्नाच्या दोन पोरी. अशात मेहुणा मीमून आला.

"कापडाच्या गिरणीत बॉयलरवर माणूस हवाय. महिना अठराशे दिरहम, म्हातारपणी पेन्शन. गुरुवारपर्यंत सांग."

बायको तामो हरखली. अल्लाल म्हणाला, "थांब. बाकीचे काय कमावतात ते आधी बघतो. आगीतून फुफाट्यात नको."

बसचा ड्रायव्हर ग़ाली छातीवर हात ठेवून म्हणाला, "कसला पगार, बा अल्लाल! ढकलतोय दिवस." तांबट म्हणाला, "चहासाखरेपुरतं सुटतं." मास्तरांनी नुसता उसासा टाकला. बरोबरच आहे, दृष्ट लागेल म्हणून खरा आकडा कोण सांगतो? अल्लाल बापडा खूश होऊन घरी आला.

"तामो, गल्लीत सगळ्यात श्रीमंत मीच की गं!"

"अरे भोळ्या! जन्मभर त्यांचे रोट भाजतोयस आणि विश्वास ठेवतोस तोंडावर?"

तेवढा बुअज़्ज़ा वेगळा. तो त्याच गिरणीत बॉयलरवर होता आणि चहाच्या दुकानात मांडीवर थाप मारून सांगायचा, "अठराशे! एक तारखेला रोख!"

दुसऱ्या दिवशी अल्लालनं फळ्या नीट पाहिल्या. दिवस ढकलणाऱ्या ग़ालीचे रोट पांढरेशुभ्र, वर तीळ. चहासाखरेवाल्या तांबटाचे लोणी घातलेले. लबाड लेकाचे! मग बुअज़्ज़ाची बायको इत्तो हिची फळी आली. पूर्वी आठ रोट असायचे, आता चार. तेही जवाचे, कोंडा मिसळलेले. घरात खाणारी तोंडं सात. फळी हातात धरून अल्लालनं रोट पुन्हा मोजले. गिरणीचा पगार किती हातात पडतो, ते त्याला कळून चुकलं.

गुरुवारी मीमून चारचौघांत विचारायला आला. बुअज़्ज़ाही तिथंच होता, मान खाली घालून. अल्लालला खरं बोलायचं होतं, पण बुअज़्ज़ाची झाकली मूठ उघडायची कशी? त्यानं छाती फुगवली.

"अठराशे? हॅत्! एवढे मी पंधरा दिवसांत मिळवतो!"

गल्ली खो खो हसली. मीमूननं वर्षभर बोलणं टाकलं. तामो रडून रडून म्हणाली, "बढाईपायी पेन्शनला लाथ मारलीस!" तो भट्टीवरच राबला, पोरींची लग्नं उधारउसनवारीनं उरकली. तामोचा राग काही गेला नाही. बढाईखोर तर ती म्हणायचीच, वर ‘खादाड’ असंही त्याचं नाव पडलं. कारण ती सात रोट पाठवायची आणि तो सहाच घेऊन यायचा.

परवा इत्तो आली, काठी टेकत. बुअज़्ज़ा जाऊन चाळीस दिवस झाले होते. तिनं शालीखालून एक पांढरा रोट काढून अल्लालपुढे ठेवला.

"तीन वर्षं गिरणीनं अर्ध्याच पगारावर राबवलं रे ह्यांना. मी चार मोजून पाठवायचे, पाच परत यायचे. एक कमी आला असता तर भट्टीवर येऊन तुझी खरडपट्टी काढली असती. पण जास्त आला, तर भांडू कुणाशी? ह्यांची मान खाली जाईल म्हणून बोलले नाही. पाचवा नेहमी पांढरा असायचा, कडेला तीन टोचे."

चहा ओतता ओतता तामोचा हात थांबला. कडेला तीन टोचे गल्लीत एकाच घरचे होते.

इत्तो गेली. तामोनं किटली खाली ठेवून तो रोट हातात घेतला.

"म्हणून गेला नाहीस होय गिरणीत," ती म्हणाली. "आणि मला वाटायचं, तू वाटेतच खातोस."

तिनं रोट मोडला आणि मोठा तुकडा त्याच्या हातात दिला.