गणपतीच्या कोपऱ्यातला हार्प

हार्प आमच्या लालबागच्या घरात आला तो फक्त पावसाळ्यापुरता. निदान सासूबाईंना मी तसं सांगितलं होतं, आणि सांगताना चेहरा इतका गरीब केला होता की क्षणभर माझाही विश्वास बसला.

खरं म्हणजे तो माझ्या माझगावच्या मैत्रिणीच्या भावाचा. भाऊ बोटीवर असतो. आयर्लंडच्या कुठल्याशा बंदरातून त्याने तो मोठ्या हौसेने लेकीसाठी आणला, आणि लेकीने महिन्याभरात गिटार मागितली. मग हार्प मैत्रिणीच्या घरी पडून राहिला. तिचं घर तळमजल्यावर, गोदीच्या अंगाला. पावसाळ्यात तिथे भिंतींनाही घाम फुटतो. लाकूड फुगायला लागलं, तारा मध्येच तटकन तुटायला लागल्या. आम्ही दोघी एकाच ऑफिसात समोरासमोरच्या टेबलांवर म्हाताऱ्या झालेल्या, त्यामुळे ती मला मागायला लाजत नाही. "तुमची चाळ पाडून टॉवर झाला ना? वर वारा आहे, ऊन आहे. ठेव ना गं, पाऊस जाईपर्यंत," ती म्हणाली. मी लगेच हो म्हटलं. घरात विचारायचं असतं हे मला नंतर आठवलं.

हार्प म्हणजे साधारण माझ्या खांद्याइतका उंच, तिरका लाकडी त्रिकोण, आणि त्यात वरपासून खालपर्यंत तारा. त्या जंगलात माणूस हरवू नये म्हणून काही तारा लाल, काही काळ्या. प्रत्येक तारेच्या डोक्याशी एक छोटी कळ असते, ती वर केली की सूर अर्धा चढतो. वाजवताना तो खांद्यावर रेलून घ्यायचा, आणि बोटांच्या मऊ टोकांनी तारा छेडायच्या. आवाज इतका नाजूक की शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तर आम्ही थांबतो.

सासूबाईंनी तो लिफ्टमधून उतरताना पाहिला आणि कपाळाला हात लावला. "घरात माग हाडलंस काय गो?" सासरे गिरणीत मागावर होते. त्या खडखडाटाने त्यांचे कान गेलेले, त्यामुळे सासूबाईंचा साधा बोलण्याचा आवाजही चाळीच्या जिन्यापर्यंत जायचा. आता सासरे नाहीत, आणि टॉवरमध्ये जिन्यापर्यंत कुणी येत नाही, पण आवाज तोच आहे. "पावसाळ्यापुरता आहे हो," मी म्हटलं. त्यांनी हार्पला एक फेरी मारली, वरच्या वळणावर आपला ओला पंचा वाळत टाकला आणि आत निघून गेल्या.

तेव्हापासून आमचा दर रविवारी सकाळी कार्यक्रम सुरू झाला. मी हार्पवर, मैत्रीण मँडोलिनवर, आणि नवरा ढोलकीवर. नवरा आमच्या बिल्डिंगच्या भजनी मंडळात वाजवतो, त्यामुळे आमच्यात खरा वाजवणारा तो एकटाच, आणि हे तो आम्हाला विसरू देत नाही. व्हिडिओत बघून आम्ही आयरिश नाचाच्या धुना बसवायचो. पहिलीच धून ऐकून नवरा म्हणाला, "हा तर आपला दादरा! एवढं काय त्यात?" आणि त्याने असा काही ठेका धरला की आयर्लंडचे शेतकरी बघता बघता देवगडच्या एसटीत बसले. मैत्रीण हसून हसून सोफ्यावर आडवी. "अगं, हे काय मेन, कोकणातलं नमन चालू केलं याने!" पण सांगते, झकास जमायचं. मला सूर लावायला एवढा वेळ लागायचा की शेवटची तार लावेपर्यंत पहिली उतरलेली असायची. तरी रविवारची मी शाळकरी मुलीसारखी वाट बघायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायली हलवल्यावर हाताला पहिल्यांदा काहीतरी माझं मिळालं होतं.

आणि मग श्रावण संपत आला. आमच्याकडे गणपती ज्या कोपऱ्यात बसतो तिथेच मी हार्प उभा केला होता, कारण दुसरी जागाच नाही. सासूबाईंनी एका सकाळी बोट दाखवलं. "पाऊस सरलो. आता तां भायर." मी म्हटलं, गणपतीपुरता फ्रीजजवळ सरकवते, मग परत जागेवर. त्या म्हणाल्या, गणपती झाला की घट, घट झाले की दिवाळीची रांगोळी, त्या कोपऱ्याला वर्षभर गिऱ्हाईक आहे.

एवढ्यावर मी हुज्जत घातली असती. पण त्याच आठवड्यात मैत्रिणीचा फोन आला. भाऊ सुट्टीवर आला होता. तुम्ही वाजवताय तोवर खुशाल ठेवा, पण घरात जागा नसेल तर लोअर परळच्या एका हॉटेलने तो लॉबीत उभा करायला मागितलाय, असं त्याचं म्हणणं. त्या लॉबीत मी एकदा लग्नाच्या स्वागताला गेले होते. तिथे एक पियानो आहे. त्याचं झाकण कुलूपबंद, आणि वर फुलदाणी. आमचा हार्प तिथे कुंडीशेजारी उभा राहणार, त्याच्याबरोबर लोक सेल्फी काढणार, आणि त्याला पुन्हा कुणी बोट लावणार नाही.

मी सासूबाईंकडे रदबदली केली. नवऱ्यानेही केली, म्हणजे तो बाजूला उभा राहून खाकरला. शेवटी त्यांनी एक अट घातली. "आरतीक वाजव. लोकांका आयकाक इला तर ऱ्हवांदे. नाय तर गेला."

आता लालबागच्या घरातली आरती ज्याने ऐकली आहे त्याला या अटीतली मेख लगेच कळेल. आमच्याकडे आरती म्हणत नाहीत, आरती करतात. पुरुष एका पट्टीत, बायका दुसऱ्या, पोरं कुठल्याच नाही. पहिली आरती चालते, दुसरी धावते, आणि तिसरीपासून कुणीच कुणाला आवरत नाही. या सगळ्यावर झांजा. आमच्या घरात झांजांचे पाच-सहा जोड आहेत, सासऱ्यांच्या वेळचे, जाडजूड पितळी. त्यांच्यासमोर हार्प म्हणजे लग्नाच्या बँडपुढे कुजबुज.

यावर मला जो उपाय सुचला तो सुचला तेव्हा फारच हुशारीचा वाटला होता. आदल्या दिवशी मैत्रीण मखर लावायला मदतीला आली. जाताना तिच्या पिशवीत, नारळाच्या वड्यांच्या डब्याखाली, आमच्या घरातल्या सगळ्या झांजा होत्या.

चतुर्थीला गणपती बसला. भजनी मंडळ जमलं, निरांजन पेटलं. मी हार्प खांद्यावर घेऊन फ्रीज आणि मखर यांच्या फटीत बसले. सूर लावून तयार. सासूबाईंनी झांजांची फळी चाचपली. "झांजो खंय गेल्यो?"

"मिळतच नाहीत कुठे," मी म्हटलं. "राहू दे ना या वेळी. टाळ्यांवर म्हणू."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या दाराशी गेल्या, आणि मागाच्या खडखडाटावर मात करणारा तो आवाज त्यांनी एकदाच पॅसेजमध्ये सोडला. "अरे झांजो हाडा रे कोणीतरी!"

लालबागमध्ये, गणपतीच्या दिवशी, मी झांजा लपवायला निघाले होते. प्रत्येक दार उघडलं. प्रत्येक दारातून झांजा आल्या. वरच्या मजल्यावरून आल्या, खालच्या मजल्यावरून आल्या. सार्वजनिक मंडळाच्या पोरांनी परातीएवढा एक जोड आणला, आणि तो वाजवायला दोघंजण आले. आमच्या पाच-सहांच्या जागी हॉलमध्ये पितळेचा नुसता पाऊस पडला. मी वाजवत होते. बोटं हलताना मला दिसत होती, म्हणून सांगते. माझा हार्प मलाही ऐकू आला नाही. नवऱ्याने ढोलकीवरून माझ्याकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना, आणि डोळ्यांत पाणी कशाने आलं ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण दर्शनाला आली. बिचारीला दोन रात्री देवाच्या झांजा घरात ठेवल्याची धास्ती, म्हणून ती त्या परत घेऊन आली. पिशवी छातीशी घट्ट धरून मखराच्या पायरीशी वाकली, आणि पिशवी खणखणली. सासूबाई मखराजवळ बसल्या होत्या. त्यांनी चष्मा वर केला. "प्रसाद वाजता काय गो तुझो?"

मैत्रीण काही खोटं बोलणारी नाही, तिने लगेच सगळं ओकून टाकलं. सासूबाईंनी एकेक जोड काढून फळीवर ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी भावाक बोलव," एवढंच म्हणाल्या. मैत्रिणीने खालमानेने फोन लावला.

गणपती घरात असेपर्यंत त्याला एकट्याला सोडायचं नाही, कुणीतरी सोबत बसायचंच, हा आमचा नेम. दुपारी जेवणं झाली की सगळे घोरतात आणि ती पाळी सासूबाईंची असते. विसर्जनाच्या आदल्या दुपारी मी पण तिथेच होते. हार्प पाठवायचा तर तारा सैल कराव्या लागतात. सैल करण्याआधी एकदा हात फिरवावा म्हणून मी अगदी हळू वाजवत होते. कुठली धून वगैरे नाही, मनात येईल ते. रागही आला होता, स्वतःचा जास्त.

मखराजवळून काहीतरी ऐकू आलं. मला आधी पंखा वाटला. सासूबाई गुणगुणत होत्या. त्यांच्या आईचं भात कांडतानाचं गाणं असावं, कारण मध्ये मध्ये मुसळ पडायला जागा सोडलेली होती. इतक्या वर्षांत मी त्यांचा खालचा आवाज ऐकला नव्हता. त्यांना तो आहे हेच मला माहीत नव्हतं. किंचित कापरा, पण सूर पक्का. तो माझ्या तारांमध्ये कुठेच बसेना. मी एक कळ वर केली, मग दुसरी, मग एक खाली. त्या थांबल्या नाहीत, मी शोधते आहे हे कळल्यासारख्या तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. चौथ्यांदा की पाचव्यांदा आम्ही एकमेकींना सापडलो. मुसळाच्या जागी मी एक जाड तार छेडली. त्यांनी मान हलवली आणि पुढचं कडवं घेतलं.

गाणं संपल्यावर त्यांनी समईची वात सारली. मग जरा लाजून म्हणाल्या, "आवाज आसा गो अजून." कुणाचा, ते मी विचारलं नाही.

मी तारा सैल केल्या नाहीत. पण बोलायची हिंमतही झाली नाही. विसर्जन झालं, आणि दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे भाऊ आला, हॉटेलचा टेम्पो खाली उभा करूनच. मैत्रीण त्याच्या मागे रडवेला चेहरा करून उभी. कोपरा रिकामा झाला होता, आणि सासूबाईंनी सकाळीच नवऱ्याकडून हार्प पुन्हा तिथे आणवून समोर आपला पाट मांडला होता. त्यांनी भावाला बसवलं, मोदक वाढले, वर तूप घातलं. मग हात धुऊन तो हार्पकडे वळला, तेव्हा त्या मध्ये उभ्या राहिल्या.

"हॉटेलवाल्याक सांग, दुसरां कायतरी उभां कर," त्या म्हणाल्या. "ह्यां माज्याबरोबर कामाक आसा."