दोनशे एकावे माप

रज्जाकचाचांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या हातामुळे. सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलीला, मृण्मयीला, मी क्लबच्या एअर पिस्तुलाच्या वर्गात घातले होते. तिसऱ्या आठवड्यातच ती कंटाळली. उरलेले तास वाया जाऊ नयेत म्हणून तिच्या जागी मी उभी राहिले. तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होते आणि आयुष्यात कधी बेचकीही हातात धरलेली नव्हती. क्लबच्या पिस्तुलाची लाकडी मूठ माझ्या पंजाला इतकी मोठी होत होती की नेम धरण्याआधीच मनगट दुखू लागे. शेजारच्या जागेवरून एक गृहस्थ बराच वेळ माझ्याकडे पाहत होते. मला अवघडल्यासारखे झाले. शेवटी ते जवळ आले.

"मराठी ना तुम्ही? मघाशी पोरीला ओरडलात ते ऐकलं."

मी ओशाळून हो म्हटले.

"मग हात ठेवा बघू इथं."

त्यांनी वापरून झालेला एक कागदी लक्ष्यफलक उलटा करून पुढे धरला होता. मी निमूटपणे पंजा ठेवला. त्यांनी पेन्सिलीने बोटाबोटाभोवती रेघ ओढली, कागदाची घडी करून खिशात घातली आणि आपल्या जागी निघून गेले. दोन आठवड्यांनी ते अक्रोडाच्या लाकडाची मूठ घेऊन आले. स्वतःच्या जुन्या पिस्तुलाची जादा मूठ त्यांनी माझ्या पंजाच्या मापाने तासून आणली होती. मी संकोचाने म्हणाले, "अहो, एवढं कशाला केलंत?" तर म्हणाले, "कपाटात पडून काय करणार ती? मूठ हातात शोभते."

आमच्या या छंदाची बाहेरच्यांना थोडी भीती वाटते, ते साहजिक आहे. पण मला या खेळात पहिल्यांदा दिसली ती माणसांची देती वृत्ती. कोणाचा स्क्रू सैल झाला की चार जण पेचकस पुढे करतात. सामन्यात तुमच्या विरुद्ध उभा असलेला माणूसच हळूच सांगतो, "खांदा उचलताय तुम्ही." रज्जाकचाचा या वृत्तीचे आमच्यातले मोठे भाऊ. मूळचे रत्नागिरीचे, इथे दोह्यात गॅसच्या प्रकल्पात दाब आणि वजन मोजणारी उपकरणे तपासून अचूक करण्याचे काम त्यांनी सारी उमेदीची वर्षे केले. मोजणे त्यांच्या अंगातच भिनलेले आहे. ते एकदा मला म्हणाले होते, "काट्याला चूक असतेच गो बाय. ती किती आहे ते लिहून ठेवायचं. मग तो काटा चांगला."

त्यांच्या वह्या सर्वांना खुल्या असतात. कुठल्या पिस्तुलाला काय मानवले, काय मानवले नाही, सारे त्यात असते आणि फसलेले प्रयोग आधी लिहिलेले असतात. शुक्रवारी ते मुद्दाम वाकडी वाट करून बिरकत अल अवामेरच्या कामगार वस्तीत जातात आणि तिथून उत्तमरावांना गाडीत घालून आणतात. उत्तमराव लातूरकडचे, क्रेन चालवतात. आठवड्यातून एक दिवस त्यांना रायफल धरायला मिळावी, एवढाच त्यामागचा हेतू. उत्तमराव एकदा उशीर झाला म्हणून येत नाही म्हणाले, तर चाचा फाटकाशी हॉर्न वाजवत उभे राहिले. "यल्ला, चला उत्तमराव! आंघोळ तिकडे करा!"

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायचा मी ठरवले, तिच्याकडे येते.

क्लबमध्ये एक लहान खोली आहे. तिथे क्लबच्या परवानगीने मोठ्या पिस्तुलाची काडतुसे पुन्हा भरली जातात. बार उडाल्यावर काडतुसाची पितळी नळी शिल्लक राहते. तिला ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, यंत्राच्या दांड्याने मापून पावडर घालायची आणि वर शिशाची गोळी दाबून बसवायची. ऐकायला हे सोपे वाटते. पण नळी खोल असते आणि पावडर तळाशी चिमूटभर. चुकून एकाच नळीत दोनदा माप पडले तर वरून ते सहज लक्षात येत नाही. ते लक्षात येते पिस्तूल हातात फुटल्यावर. म्हणून त्या खोलीच्या दारावर चाचांनी स्वतःच्या हाताने तीन भाषांत लिहिले होते : आत काम चालू असताना बोलू नये. आम्हा सर्वांची काडतुसे वर्षानुवर्षे चाचाच भरत. सुरुवातीला पावडरचा डबा तोलायचा, शेवटी पुन्हा तोलायचा आणि जितक्या नळ्या तितकी मापे गेली हे वहीत लिहून मगच दिवा बंद करायचा, हा त्यांचा नेम होता.

गेल्या वर्षी एका शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, चाचा त्या खोलीत दुसऱ्या दिवशीच्या सामन्यासाठी दोनशे काडतुसे भरत होते. एका पाहुण्या क्लबाबरोबर मैत्रीचा सामना होता. मी दार ढकलून आत गेले. दारावरचे मला पाठ होते, तरी गेले. त्या दुपारी मृण्मयीशी माझे भांडण झाले होते. मी मराठीत विचारायचे आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचे हे आमच्या घरी रोजचेच. पण त्या दिवशी ती म्हणाली होती, "आई, मला उत्तर देता येईल अशा भाषेत तू मला कधी काही विचारतच नाहीस." मी स्टुलावर बसले आणि रडू लागले.

चाचांनी दांड्यावरचा हात काढला. "काय झालं गो बाय?"

मी सांगितले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "इंग्रजीत का होईना, भांडते तरी. माझा मोईन रत्नागिरीत वाढला. मी वर्षातून एक महिना जाणारा. फोनवर तो अस्सल मराठीत बोलतो. काय बोलतो? 'हो अब्बा.' किती वर्षं झाली, 'हो अब्बा'च्या पुढं गाडी नाय."

बोलता बोलता त्यांचा हात पुन्हा कामाला लागला होता. हे मला नंतर आठवले.

उरलेली काडतुसे भरून झाली. मी गाडी चालवण्याच्या स्थितीत नाही हे पाहून त्यांनी खोलीला कुलूप लावले आणि मला मुऐदरला घरी आणून सोडले. मृण्मयीने दार उघडले तेव्हा ते तिला इंग्रजीतच म्हणाले, की आईला चहा करून दे आणि आज तूच प्रश्न विचार.

डबा तोलायचा राहून गेला.

शनिवारी सकाळी आम्ही मैदानावर जमलो. पाहुणे आले होते, प्रत्येकाला आपापला काडतुसांचा डबा वाटून झाला होता. एवढ्यात चाचा भरणीच्या खोलीतून जवळजवळ धावत आले. मी त्यांना धावताना त्याआधी कधी पाहिले नव्हते.

"थांबा! कोणीही पिस्तूल भरू नका. डबे खाली ठेवा."

सर्वांसमोर उभे राहून त्यांनी सांगितले : सकाळी येऊन पावडरचा डबा तोलला, नळ्या दोनशे, पावडर गेली दोनशे एक मापे. या दोनशेंपैकी एका काडतुसात दुप्पट पावडर आहे. कोणत्या, ते मला माहीत नाही. चूक माझी आहे.

पाटणकर साहेब आमच्यातले उत्तम नेमबाज, पुण्याचे, जिभेला धार असलेले. ते म्हणाले, "मग तोला की प्रत्येक काडतूस. तेवढ्यासाठी सामना कशाला थांबवायचा?"

"तोलून कळत नाय, साहेब. नळ्यानळ्यांच्या वजनात जेवढा फरक असतो, त्याच्यापेक्षा ती पावडर कमी. फोडूनच बघायला लागतील."

"दोनशे? चाचा, पाहुण्यांना बोलावून खलबत्त्यात कुटायला बसवताय होय? आणि नजर तपासून घ्या आता. साठी आली!"

उत्तमराव मागून म्हणाले, "सायब, एक बोट उडाल्यावर नऊ मोजत बसणार का? बसा की कुटायला."

हशा झाला. पण चाचांच्या चेहऱ्याकडे पाहून तो लगेच विरला. पाहुण्यांचा कप्तान पुढे झाला. "चाचा, हमारे पास अपने डिब्बे हैं, मैच उसी से खेलेंगे. पहले ये खोलते हैं," म्हणाला आणि चक्क जमिनीवर मांडी घालून बसला.

चाचांनी सगळे डबे आपल्याकडे घेतले. प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी होती. त्यांनी आधी त्या चिठ्ठ्या काढून खिशात टाकल्या आणि मग सारी काडतुसे एका मोठ्या ट्रेमध्ये ओतून मिसळली. त्याचे कारण तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. पोकळ हातोडीसारखे एक अवजार असते. त्यात काडतूस अडकवून ठोकले की गोळी सुटी होते. क्लबकडे अशी तीन अवजारे होती, पाहुण्यांच्या पेटीत आणखी दोन निघाली. पाच जणांनी ठोकायचे, बाकीच्यांनी पावडर तोलायची, पाटणकरांनी मोजायचे. हो, पाटणकरांनीच. कुरकुरत बसले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत.

एकशे त्रेसष्टावे काडतूस फोडले आणि काट्याचा आकडा दुप्पट झाला.

 चाचा खुर्चीवर बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकून घेतले. थोड्या वेळाने पाटणकरांनीच विचारले, "कोणाच्या डब्यातलं होतं हे?"

"ते आता कोणालाच कळणार नाय," चाचा म्हणाले. "मलाही नाय. कशाला कळायला पाहिजे? उद्या त्याचा हात थरथरेल."

तेव्हा मला त्या चिठ्ठ्यांचा अर्थ कळला. स्वतःचे नाव पणाला लागलेले असताना दुसऱ्याच्या मनात बसू शकेल अशा भीतीचा विचार करायला माणसाचे मन किती मोठे असावे लागते! माझाही डबा त्यांत होता. ते काडतूस माझे होते की नाही हे मला कधीच कळणार नाही आणि त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

सामन्यानंतर क्लबच्या समितीने विचारले, हे झाले कसे? चाचा म्हणाले, "लक्ष हललं." बस्स, दोन शब्द. दुसऱ्या कोणामुळे हलले का? "नाय." मी तिथेच, चार पावलांवर उभी होते. तोंड उघडावेसे वाटले, पण उघडले नाही. चाचांनी त्याच दिवशी खोलीची किल्ली आपणहून परत केली. तेव्हापासून त्यांनी एकही काडतूस भरलेले नाही. मराठी मंडळात, क्लबमध्ये, सूक वाकिफच्या बाजारातल्या आपल्या चहाच्या बैठकीतही मी ऐकत आले आहे : वय झाले, चाचांची नजर गेली, हात राहिला नाही. सहानुभूतीने बोलणारेही हेच बोलतात. मी प्रत्येक वेळी गप्प बसले.

म्हणून आज, त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात, सर्वांना कळावे अशा ठिकाणी लिहिते आहे. नजर गेलेली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ती उत्तम असल्याचे सांगितले आहे. हातही गेलेला नाही. मागच्याच महिन्यात त्यांनी पाटणकरांना सामन्यात हरवले. त्या शुक्रवारी खोलीत मी होते. दारावरचे वाचून आत शिरले, रडले, बोलले आणि मलाच घरी पोहोचवण्यासाठी त्यांचा रोजचा नेम मोडला.

हे लिहिणार असल्याचे मी त्यांना आधी सांगितले. ते नाराज झाले. "साठीचं पुस्तक आणि त्यात हे? काय तरी चांगलं लिही."

"चाचा, मी बोलत बसले म्हणून चूक झाली. वर्षभर माझ्या मनाला ते टोचतंय."

 ते म्हणाले, "तू बोलत होतीस तेव्हा माझा हात दांड्यावर नव्हता. आठव जरा. मोईनचं मी सांगायला लागलो, तेव्हा हात चालू झाला. ते तोपर्यंत मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्याच्या आईलाही नाय. तुझ्या बोलण्यानं नाय चुकलं ते, बाय. माझ्या बोलण्यानं चुकलं."

 वर्षभर मी समजत होते की त्यांनी माझी चूक पाठीशी घातली. ते मात्र समितीपुढे अक्षरशः खरे तेच बोलले होते, आणि ते खरे सर्वात आधी त्यांनी स्वतःला सांगितले होते. सगळा भार त्यांनी आपल्याकडे घेतला, तरी मी माझा वाटा सोडायला तयार नाही. बोलायचे दुसरे ठिकाण मला शोधता आले असते. आणि ज्या माणसाला साऱ्या दोह्यातली माणसे आपले दुःख सांगतात, त्याने स्वतःचे सांगावे अशी एक जागा आपण त्याला इतक्या वर्षांत दिली नाही, हा दोष आपल्या सर्वांचा आहे.

समितीला माझी नम्र विनंती आहे की भरणीच्या खोलीची किल्ली रज्जाकचाचांना सन्मानाने परत द्यावी. स्वतःची चूक तोलून काढणारा, आणि ती सापडताच मैदान थांबवणारा माणूस आपल्याला दुसरा मिळायचा नाही. त्यांच्या कंपनीने त्यांना आणखी दोन वर्षे ठेवून घेतले आहे, ही आनंदाची गोष्ट. त्यानंतर रत्नागिरीची हवा त्यांना मानवो, गुडघे साथ देवोत, साखर ताब्यात राहो, आणि शंभरी गाठेपर्यंत त्यांचे दिवस निरोगी आणि हसतखेळत जावोत, ही माझी आणि माझ्या घरच्यांची मनापासूनची प्रार्थना.

आणि चाचा, किल्ली परत आली की काम चालू असेल तोवर त्या दाराबाहेर स्टूल टाकून मी बसेन. कोणाला आत सोडणार नाही, स्वतःही शिरणार नाही. तुम्ही डबा तोला, वहीत लिहा, दिवा बंद करा आणि मग बाहेर या. चहा तयार असेल. त्या वेळी आधी तुम्ही बोलायचे.