बरंसरांचे दहा आकडे

आमच्या सरांनी उभ्या आयुष्यात कधी 'कट' म्हटलं नाही. दिग्दर्शक म्हणजे खुर्चीत बसून 'कट' ओरडणारा माणूस, अशी माझी समजूत होती. हे गृहस्थ मात्र नटांचे संवाद संपले की गप्प उभे राहायचे. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत मनातल्या मनात दहा आकडे मोजायचे आणि मग हलकेच म्हणायचे, "बरं." तेवढ्यावर कॅमेरा थांबायचा. त्यामुळे युनिटमध्ये त्यांचं नावच 'बरंसर' पडलं होतं. त्यांना ते माहीत होतं. एकदा म्हणाले, "वाईटसर म्हणत नाहीत, हे काय कमी आहे?"

या दहा आकड्यांमागे त्यांचं एक तत्त्व होतं. "संवाद संपेपर्यंत नट लेखकाचा असतो. संपल्यावर तो काय करतो ते बघा. तो खरा." नवे नट या दहा आकड्यांत पार गोंधळून जायचे. कोणी नाक खाजवायचा, कोणी खिडकीबाहेर बघायचा, कोणी वैतागून सुस्कारा टाकायचा. नेमका तो सुस्कारा चित्रपटात राहायचा. मंडईतही तेच. भाव ठरला, पिशवीत वांगी पडली, की सर तिथून हलायचे नाहीत. गिऱ्हाईक गेल्यावर भाजीवालीचा चेहरा कसा होतो ते बघत उभे. शेवटी एका बाईंनी विचारलं, "आजोबा, वांगी परत करायची का माझ्याशी लग्न करायचंय?" सर आठवडाभर ही गोष्ट सगळ्यांना सांगत होते.

माझी त्यांची ओळख व्हिडिओच्या अशाच एका तुकड्यावरून झाली. मी मूळची अकोल्याची. लग्न होऊन विश्रांतवाडीत आले आणि मागच्या खोलीत कॉम्प्युटर टाकून लग्नांचे व्हिडिओ जोडून द्यायला लागले. एका लग्नात फोटो काढून झाल्यावर मुलीचे वडील स्टेजवर एकटेच राहिले होते आणि खुर्च्यांवरच्या गाद्या सारख्या करत होते. कॅमेरावाला कॅमेरा बंद करायला विसरला होता. मी तो तुकडा ठेवला. तो व्हिडिओ सरांनी त्या लोकांच्या घरी बघितला, माझा पत्ता मागून घेतला आणि दोन बस बदलून दारात उभे राहिले.

"हा तुकडा आपण ठेवलात की चुकून राहिला?"

"ठेवला. काहून?"

"मग सोमवारपासून माझ्याकडे या. 'काहून' मात्र घरी ठेवून या, नाहीतर मलाही लागेल."

त्या दिवसापासून मी 'अकोलेकर' झाले. बारा वर्षं मी त्यांचे चित्रपट जोडले. चित्रपट म्हणजे बहुतेक माहितीपट. द्राक्षांवरची कीड, विहिरींचं पुनर्भरण, असले, पण त्यातही नटांना घेऊन बसवलेले छोटे प्रसंग असायचे. मोठा, गोष्टीचा चित्रपट त्यांनी एकच केला होता, तोही मी भेटण्याच्या कितीतरी आधी. आठवडाभर चालला आणि उतरला.

सर सगळ्यांना अहो-जाहो करायचे. चहावाल्याला, कालच आलेल्या नटाला, सगळ्यांना 'आपण'. एकदा एका तरुण नटाने विचारलं, "सर, लाइक, या सीनमध्ये मी इमोशनली नक्की कुठे आहे?" सर म्हणाले, "स्वारगेटला. आपली गाडी लागायचीय अजून." एकेरीत हाक फक्त काकूंना. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. सरांचे माहितीपट मधूनमधून यायचे, पण काकूंचा पगार दर महिन्याला यायचा, हे सर स्वतःच सांगायचे.

पंचाहत्तरी ओलांडल्यावर सरांनी दुसरा मोठा चित्रपट करायला घेतला. गोष्ट एका म्हाताऱ्या दिग्दर्शकाची. तो आपलं आयुष्य उलटसुलट करून बघतो आणि बहुतेक ठिकाणी त्याला स्वतःचंच हसू येतं. हा दिग्दर्शक कोण, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं, पण सर म्हणायचे, "काल्पनिक आहे. तो माझ्यापेक्षा उंच आहे." त्यात एकच प्रसंग हसण्याचा नव्हता, आणि खरं तर त्या एका प्रसंगासाठीच त्यांनी सगळा खटाटोप मांडला होता.

तो प्रसंग त्यांनी मला एका दुपारी सांगितला. पहिल्या चित्रपटाचं शूटिंग त्यांच्याच घरात तीन आठवडे चाललं होतं. काकू लेकीला घेऊन शेजाऱ्यांकडे झोपायच्या, पहाटे येऊन तीस माणसांचा स्वयंपाक करायच्या आणि मग शाळेत जायच्या. पहिल्या खेळाला सर थिएटरमध्ये मागे भिंतीला टेकून उभे होते. चित्रपट संपला, पडद्यावर नावं सरकू लागली. वायरमनचं नाव आलं. टोपल्या देणाऱ्या मंडईतल्या बाईंचं आलं. सोसायटीतला कुत्रा मोत्या एका दृश्यात शेपूट हलवून गेला होता, त्याचंही आलं. काकूंचं नव्हतं. यादी सरांनीच केली होती.

"दिवे लागले तेव्हा तिची खुर्ची रिकामी होती," सर म्हणाले. "घरी गेलो तर पोळ्या लाटत होती. एक शब्द बोलली नाही."

"मग तुम्ही?"

"मीही नाही. आज विचारू, उद्या विचारू करता करता तीस वर्षं झाली, अकोलेकर."

म्हणजे चित्रपटाच्या आडून त्यांना माफी मागायची होती. समोरासमोर मागायला जीभ वळत नव्हती, म्हणून एवढं शंभर माणसांचं लटांबर! मला हसू आलं, ते आवरत मी त्या प्रसंगाचं पान काढलं. पटकथेत त्यांनी लिहिलं होतं : बायको पडद्यावरची नावं वाचते, तिचे डोळे भरून येतात, ती उठून जाते. काकूंनी पटकथा वाचून परत दिली तेव्हा एवढंच म्हणाल्या, "ही बाई रडते फार."

हा प्रसंग काकूंच्याच शाळेच्या सभागृहात घ्यायचा होता. परवानगी त्यांनीच आणली होती. पडद्यावर त्या जुन्या चित्रपटाचा शेवट लावला. काकूंचं काम करणारी नटी तीनदा रडली आणि तिन्ही वेळा फार सुंदर रडली. सर दहा आकडे मोजत आणि नाराज होत. तेवढ्यात काकू डबा घेऊन आल्या. मधुमेहामुळे सरांना जेवण वेळेवर लागायचं. त्यांना बघून सरांनी काय ठरवलं कोण जाणे, म्हणाले, "अगं, जरा इथे बस. त्या दिवशी तू काय केलंस ते करून दाखव."

काकू बसल्या. पर्स मांडीवर घेतली. नावं सरकायला लागली, कॅमेरा चालू होता. दोन-तीन नावं झाली असतील, काकूंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, उठल्या, मागच्यांना अडथळा नको म्हणून वाकून चालत बाजूच्या दाराने बाहेर गेल्या. लगेच परत आल्या.

"झालं," त्या म्हणाल्या.

"एवढंच?"

"मग काय करायचं? पंधरा माणसं जेवायला यायची होती. तुम्हीच बोलावली होती आणि विसरला होता. कणीक मळून ठेवून आले होते मी."

"म्हणजे तू नावं वाचलीच नाहीस?"

"नाही. का, काय होतं त्यात?"

सर म्हणाले, "तुझं नाव नव्हतं."

"असं होय," काकू म्हणाल्या. मग थोडा विचार करून, "मोत्याचं होतं?"

"हो."

काकूंना जे हसू फुटलं! पदर तोंडाला लावून त्या हसत राहिल्या, आम्हीही सगळे हसलो. मग आमचं हसणं ओसरलं आणि त्यांचंही ओसरलं, आणि काकू तशाच पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या. तीस वर्षांपूर्वी न लागलेली गोष्ट त्यांना तेव्हा लागली, हे मला लख्ख दिसलं. सर पायरीवर बसले होते. 'बरं' म्हणायचं ते विसरले होते. त्यांच्याशिवाय ते कोणी म्हणत नसे, त्यामुळे कॅमेरा चालूच राहिला. शेवटी काकू त्यांच्याजवळ गेल्या, डबा उघडून पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "खाऊन घ्या आधी. साखर उतरेल."

प्रसंग बदलला. चित्रपटातली बायको आता घड्याळ बघते आणि उठते. काकूंचा तो खरा तुकडा सरांनी वापरू दिला नाही. पण जोडकाम चालू असताना रोज आले की आधी तो लावायला सांगायचे आणि शेवटपर्यंत बघायचे.

नावांची यादी तेवढी राहिली होती. सर दवाखान्यात होते. मी कागद घेऊन गेले.

"काकूंचं नाव शेवटी, वेगळं टाकूया ना?" मी विचारलं.

"शेवटी ती उठते. सुरुवातीला टाका. कोणाच्याही आधी. माझ्याही. 'घर : सुशीला'. बाकी पडदा काळा. दहा आकडे."

"दहा फार होतात सर. लोक शिट्या मारतील. चार पुरे."

"दहा," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

त्यानंतर आठच दिवसांत सर गेले. खरं सांगते, त्यांच्यामागे मी ते नाव चार सेकंदांवर आणलं होतं. मला तेच बरोबर वाटत होतं. दोन दिवस तसं ठेवलं, रोज बघितलं, आणि तिसऱ्या दिवशी गुपचूप पुन्हा दहा केलं. त्यांच्याशी वाद घालायला ते समोर असायला हवे होते.

पहिला खेळ त्याच शाळेच्या सभागृहात ठेवला. काकू माझ्या शेजारी बसल्या. दिवे मालवले, पडदा काळा झाला आणि नाव उमटलं. मी वळून बघते तो काकूंची मान खाली. पर्समध्ये चष्मा शोधत होत्या. हात धरून सांगावं वाटलं. मी नुसती आकडे मोजत राहिले. चारला किल्ल्या वाजल्या. पाचला चष्म्याचं घर सापडलं. सातला त्या पदराने काचा पुसत होत्या, सावकाश, दोन्ही बाजूंनी. मागे कोणीतरी शिटी मारली. आठला त्यांनी चष्मा लावला आणि वर पाहिलं.

नाव अजून होतं. नऊ. दहा.

पडद्यावर पहिलं दृश्य आलं. अंधारात काकू अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "बरं."