पाचव्या 'का'पाशी

आमच्या रहाटणीतल्या विरंगुळा केंद्राला पत्र्याचं छप्पर आहे. ज्येष्ठ नागरिकांची बैठक तिथे रोज संध्याकाळी पाचला भरायची. दोन उन्हाळ्यांपूर्वी पत्रा इतका तापायला लागला की एक आजोबा कॅरम खेळता खेळता चक्कर येऊन पडले, आणि बैठक सकाळी सातवर नेली. भांडणाला तोंड फुटलं ते या बदललेल्या वेळेवरून. उष्मा वाढलाय हे सगळ्यांनाच मान्य होतं. तो कुणामुळे वाढलाय यावरून केंद्रात दोन तट पडले.

एका तटाचे म्होरके भूगोलाचे निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. दुसऱ्या तटाचे म्होरके माझे वडील, म्हणजे अण्णा.

अण्णा मूळ इथलेच. शेतात बिल्डिंगी उभ्या राहायच्या आधीच ते आकुर्डीला दुचाकीच्या कंपनीत लागले आणि पुढची चौतीस वर्षं त्यांनी इंजिनं तपासली. जोडून आलेलं इंजिन टेस्ट बेडवर चढवायचं, चालू करायचं, कान देऊन ऐकायचं आणि मनासारखं वाजलं तरच पासचा शिक्का मारायचा. मी चाकणला क्वालिटीत आहे. आमच्या कंपनीत डिझेल इंजिनांचे सिलिंडर हेड बनतात. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि त्यातली मी दिवसाचे बारा तास बाहेर. त्यामुळे केंद्र हीच अण्णांची खरी सोबत होती. तिथल्या अंगणात निंबाखालच्या बाकावर त्यांची जागा ठरलेली असायची. ते बोलायला लागले की आजूबाजूचे पाचसहा जण माना डोलवायचे.

"ऊन आमच्या लहानपणीबी व्हतं," अण्णा म्हणायचे. "पर तवा वढ्याच्या कडंनं बाभळी व्हत्या, सावली व्हती. आता समदं शिमिट झालं म्हणून भाजतंय. आन दुनियेचं म्हणाल तर ते निसर्गाचं चक्र हाय. कधी तापतंय, कधी निवतंय. त्यात माणसाची काय बिशाद?"

गुरुजी शांतपणे शास्त्रज्ञांचे दाखले द्यायचे. त्यावर अण्णांचं ठरलेलं उत्तर होतं. "धूर केला गोऱ्या लोकांनी. आता कुटं आमच्या पोरांच्या हाताला काम मिळालं, तर आमाला शिकवाया आले." यावर निंबाखाली टाळ्या पडायच्या. त्यांच्या बोलण्यात अजिबात तथ्य नव्हतं असं नाही, आणि म्हणूनच मला जास्त राग यायचा.

घरीही तेच. मी चपात्या लाटता लाटता वाद घालायचे, ते मेथी निवडता निवडता. केंद्राच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते कुठले कुठले व्हिडिओ टाकायचे. सूर्यच तापतोय म्हणे, उत्तरेकडे बर्फ वाढतोय म्हणे. मी एकेक खोडून काढायला बसले की फोन पालथा ठेवून द्यायचे. मला हरायला आवडत नाही. हा दुर्गुण मी त्यांच्याकडूनच घेतलाय.

शेवटी तोडगा अण्णांनीच काढला. बैठकीत म्हणाले, "माझी पोरगी कंपनीत बिघाडाचं मूळ काढती. तिला बोलवा. ती मूळ काढंल ते मला कबूल." हे मला गुरुजींनी सांगितलं, आणि मी रविवारी सकाळी खडू-फळ्याची सोय करायला सांगून मोकळी झाले.

बिघाडाचं मूळ काढायची आमची रीत सोपी आहे. पार्ट खराब निघाला की विचारायचं, का? जे उत्तर येईल ते चौकोनात लिहायचं आणि त्यालाच पुन्हा विचारायचं, का? असं पाच वेळा. पाचव्या चौकोनात जे सापडेल ते मूळ कारण. यात एक नियम फार कडक असतो. शेवटच्या चौकोनात माणूस लिहायचा नाही. 'ऑपरेटर चुकला' असं लिहिलेला कागद साहेब न वाचता परत पाठवतात, कारण माणूस सापडला की सगळे शोधायचं थांबवतात आणि बिघाड तसाच राहतो. नव्या मुलांना हा नियम मीच शिकवते.

त्या रविवारी पन्नासेक माणसं जमली होती. अण्णा धुतलेली टोपी घालून पुढच्या खुर्चीत बसले होते. मी पहिला प्रश्न लिहिला. उन्हाळे का वाढले? सिमेंटमुळे, असं निंबाखालच्या मंडळींनी सांगितलं. गावापुरतं ते खरंच आहे, मी म्हणाले, पण समुद्रात आणि डोंगरातही वाढ झालीय, तिथे कुठलं सिमेंट? अण्णांनी मान हलवून पुढे जायची परवानगी दिली. आत आलेली उष्णता पुरती बाहेर जात नाही, हे पहिलं उत्तर. का? हवेत तिला धरून ठेवणारा कार्बन वायू वाढलाय. तो का? ज्वालामुखी, असं कुणीतरी म्हणालं. जमिनीत गाडलेल्या इंधनाचा कार्बन वेगळा ओळखता येतो, आणि हवेत वाढलाय तो तोच, हे मी समजावून सांगितलं. सूर्य तापला असता तर वरच्या थरातली हवाही तापली असती, ती उलट गार होतेय, हेही सांगितलं. म्हणजे कोळसा, पेट्रोल, डिझेल जळतंय. का? इंजिनं चालतात, भट्ट्या चालतात, वीज लागते. चार चौकोन भरले. अण्णा नीट ऐकत होते. पटलं नाही की त्यांच्या कपाळावर आठी पडते, ती पडलेली नव्हती.

तेवढ्यात गुरुजींच्या बाजूचा एक जण मागून म्हणाला, "म्हणजे या अण्णांच्या इंजिनांनीच घात केला म्हणा की राव." सगळे हसले. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण दोन वर्षांचा वाद मी जिंकत आले होते आणि मला ते डोक्यात चढलं होतं. मी पाचव्या चौकोनात लिहिलं, 'इंजिनं बनवणारी माणसं'. वर तोंडानेही म्हणाले, "हो. अण्णांनी शिक्का मारलेलं एकेक इंजिन यात धरा."

पुन्हा हशा झाला. अण्णांनी टोपी नीट केली, उठले, दाराशी चपला घातल्या आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते केंद्रात गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. ग्रुपमधून बाहेर पडले. मी कामावरून यायचे तेव्हा पंख्याखाली खुर्चीत बसलेले असायचे, डब्यातली भाकरी अर्धी उरलेली. आमचं घर वरच्या मजल्यावर, एप्रिलचा महिना, आणि हा माणूस दिवसभर एकटा कोंडून बसतोय, या विचाराने लाइनवर माझं लक्ष लागेना. दुपारी फोन केला की म्हणायचे, "बरा हाय. काम कर." गुरुजी दोनदा येऊन गेल्याचं शेजाऱ्यांकडून कळलं. अण्णांनी त्यांना चहा पाजला आणि पावसापाण्याचंही बोलले नाहीत.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी लाइट गेली होती. दोघंही दारात फरशीवर बसलो होतो. अण्णा आपणहून बोलले.

"टेस्ट बेडच्या खोलीत धूर वढाया पंखा असायचा. त्यो बंद पडला की पाच मिनिटांत डोकं धरायचं. दोनदा तर माणसं उचलून भाईर काढली आमी. कोंडलेला धूर काय करतो, ते मला गुर्जींनी शिकवाया पायजे व्हय?"

"मग दोन वर्षं भांडत का होतात?"

त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. मग म्हणाले, "व्हय म्हणलो असतो, तर चौतीस वर्षं मी काय केलं म्हणून सांगू? मी वंगाळ काम केलं न्हाई, पोरी. एक खराब इंजिन हातातनं सोडलं न्हाई. त्याच्यावर तू शिकलीस. आन त्याच्यावरच तू माझं चारचौघांत हसं केलंस."

मला रडू आलं. मी त्यांचे पाय धरले, तर त्यांनी ते ओढून घेतले आणि पाणी आणायला आत गेले.

पुढच्या रविवारी मी एकटीच केंद्रात गेले. सगळ्यांसमोर सांगितलं की माझा पाचवा चौकोन चुकला होता. वरचे चार बरोबर आहेत, त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. पण माणसाला मूळ कारण ठरवायचं नाही हे मी रोज दुसऱ्यांना शिकवते, आणि माझ्याच बापाच्या बाबतीत मी ते विसरले. त्या चौकोनात लिहायला हवं होतं की धूर न करता पोट भरायची सोय आपण अजून केलेली नाही. ती का केली नाही, हे पुढे शोधायला हवं होतं. हसणाऱ्यांनीही अण्णांची माफी मागावी, असंही मी म्हणाले.

बोलून वळले तर फाटकाशी अण्णा उभे. माझ्या मागून कधी आले होते कोण जाणे. ते आत आले, पण बसले नाहीत.

"वरचे चारी बरोबर हायत," ते म्हणाले. "आन पाचवंबी तिनं आधी लिव्हलं तेच खरं हाय. आमीच केलं. कुणाचं वाईट कराया न्हाई केलं, पोटासाठी केलं. पर केलं. निसर्गाचं चक्र म्हणून दोन वर्षं मी तुमच्याशी खोटं भांडलो."

गुरुजी उठून उभे राहिले. निंबाखालचं मात्र कुणी हललं नाही. तिथून एवढंच ऐकू आलं, "पोरीनं फिरवला याला."

सोमवारपासून अण्णा पुन्हा केंद्रात जायला लागले. त्यांच्या जागेवर कुणाची तरी पिशवी ठेवलेली असायची. भांडण कुणी केलं नाही, पिशवी मात्र उचललीही नाही. चाळीस वर्षांची ओळख असलेली माणसं ती. गुरुजींनी आपल्या बाकावर बोलावलं, तर अण्णा म्हणाले, "नगं. तिथनंच हसू आलं व्हतं." आता ते कॅरमजवळच्या स्टुलावर बसून पेपर वाचतात आणि साडेसातलाच घरी येतात. अण्णांच्या तोंडून जे 'व्हय' ऐकायला मी दोन वर्षं भांडले, ते मला मिळालं, आणि त्याची किंमत त्यांनी एकट्याने मोजली. याचं मला वाईट वाटतं, आणि कधी कधी स्वतःची लाजही वाटते.

परवा रविवारी संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "अण्णा, तुम्ही माझी बाजू राखायला बोललात ना त्या दिवशी?"

"न्हाई," ते म्हणाले. "खरं व्हतं म्हणून बोललो." मेथीची जुडी सोडत त्यांनी विचारलं, "तुज्याकडं हेडची दुसरी लाइन टाकायचं चाललंय म्हणं."

"टाकली. ऑर्डर वाढल्यात."

"माझं आता थांबलंय. मी एकबी इंजिन करत न्हाई."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. हिशेब चुकता करायची त्यांची वृत्तीच नाही. पण 'इंजिनं बनवणारी माणसं' असं लिहिताना मी त्यांत स्वतःला एकदाही धरलं नव्हतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या दिवशी फळ्यासमोर पन्नास माणसं होती, आणि बाकी कुणालाही ते सुचलं नव्हतं. अण्णांना सुचलं असणार. ते बोलले नव्हते.

"उद्या कंची शिफ्ट?" त्यांनी विचारलं.

"पहिली."

"गाडी?"

"पावणेसहाला. काळेवाडी फाट्यावर."

"मग पाचला उठवतो तुला," अण्णा म्हणाले.