साडूंनी न केलेली मालिश

आजूबाजूच्या चार माणसांना मुळापासून हादरवल्याशिवाय आमच्या साडूंनी एखादं वर्ष सरळ काढल्याचं मला आठवत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. मूळचे सातारा जिल्ह्यातले, हवाई दलात विमानांची अंगं दुरुस्त करण्यात पस्तीस वर्षं घालवलेले, आणि शेवटची नेमणूक लखनौची होती म्हणून निवृत्तीनंतरही सरोजिनी नगरात भाड्याचं घर घेऊन राहिलेले. बँकेनं माझी बदली इथं केली तेव्हा ते आम्हाला घ्यायला स्टेशनवर आले ते हातात टॉर्च घेऊन. दुपारचे बारा वाजले होते. त्यांनी टॅक्सीच्या चारी चाकांजवळ ओणवं होऊन टॉर्चच्या उजेडात खालची बाजू तपासली आणि मगच "बसा पाव्हणं" म्हणाले. टॅक्सीवाला दुखावला. "अंकलजी, नई गाड़ी है," असं म्हणाला. "नवीच जास्त पडत्यात," हे साडूंनी मला मराठीत सांगितलं, त्यामुळं घर येईपर्यंत मी देवाचं नाव घेत होतो.

त्यांच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा गेलो तेव्हा भिंतीकडं बघून मी जागीच थबकलो. पळी, झारा, लाटणं, सांडशी, किसणी, सगळं खिळ्यांवर टांगलेलं, आणि प्रत्येक वस्तूच्या मागं भिंतीवर तिचाच आकार काळ्या रंगानं काढलेला. वस्तू काढली की काळी सावली तेवढी उरायची. हवाई दलात हत्यारं अशीच टांगतात म्हणे. काम संपल्यावर एक जरी सावली रिकामी दिसली तरी विमान जागचं हलत नाही. साडूंचं घरही हलत नसे. एकदा ताईंच्या हळदीकुंकवाला मराठी मंडळातल्या पंधरा बायका आल्या होत्या. निघायच्या वेळी साडूंना पळीची सावली रिकामी दिसली आणि त्यांनी फाटकाला कडी घातली. पळी सापडेपर्यंत कोणी जायचं नाही! मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी आपली पर्स उघडून दाखवली तेव्हा ताईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शेवटी पळी श्रीखंडाच्या पातेल्यात तळाशी मिळाली. साडूंना त्यात चुकल्यासारखं काही वाटलं नाही. "एक पाना आत राहिला की माणूस खाली येतो," ते मला म्हणाले, "पण जिन्यानं न्हाय येत."

सहीचंही तसंच. विमान दुरुस्त झाल्यावर 'हे उडायला योग्य आहे' अशी सही करणारा माणूस म्हणजे साडू, आणि त्या सहीच्या भरवशावर कोणीतरी आत बसून आभाळात जाणार. त्यामुळं कुरिअरवाल्यालाही ते पाकीट उघडून, आतला मजकूर वाचून मगच सही देत. आमच्या भागातले कुरिअरवाले त्यांच्या गल्लीत पाऊल ठेवायला घाबरायचे.

अशा माणसानं एका रविवारी आमच्याकडं जेवताना, आमटीचा भुरका घेऊन, आपण मालिश शिकायला नाव घातल्याचं सांगितलं. माझा घास तोंडाजवळच राहिला. अमीनाबादेत एका कापडदुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर वर्ग भरतो. पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची, दोन्ही पद्धती शिकवतात. सहा महिने शिक्षण, मग दिल्लीहून येणाऱ्या परीक्षकापुढं परीक्षा. हे सगळं त्यांनी हवामानाच्या बातम्या सांगाव्यात तसं सांगितलं. ताईंचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. "अच्छा! म्हणजे एवढी वर्षं एअरफोर्सवाल्याची बायको म्हणून मिरवले, आता मालिशवाल्याची म्हणून मिरवू?" माझ्या बायकोला तर साठी यायच्या आतच बुद्धी नाठी झाली असं वाटलं. मी जरा चाचरत "पण का?" असं विचारलं. साडूंनी आपले दोन्ही पंजे ताटाच्या दोन बाजूंना ठेवले. रुंद, जाड, तेल मुरून काळपटलेले पंजे. म्हणाले, "पाव्हणं, पस्तीस वर्षं विमानं बरी केली. एक विमान कधी वळून 'बरं वाटलं' म्हणालं न्हाय."

ताईंनी ते ऐकून घेतलं. पण त्या वाईच्या. त्यांनी तिथंच अट घातली. लग्न झाल्यापासून त्या आसाम, पंजाब, तांबरम, जिथं नेमणूक होईल तिथं बिऱ्हाड पाठीला बांधून फिरल्या होत्या आणि आता त्यांना गावाकडं स्वतःच्या घरात राहायचं होतं. साडूंना मात्र लखनौतच एक खोली घेऊन लोकांची अंगं मोकळी करायची होती. ठरलं असं, की परीक्षेत पास झाले तर ताई तोंडातून चकार शब्द न काढता इथं राहतील, आणि नापास झाले तर मालिशीचं खूळ बंद, जानेवारीत साताऱ्याला. साडू "दिला शब्द" म्हणाले आणि त्यांनी आमटी पुन्हा मागितली.

वर्ग चालवणाऱ्या मॅडम लखनौच्या जुन्या घरातल्या, किडकिडीत, पन्नाशीच्या. बाकीचे शिकणारे वीस-बावीस वर्षांचे मुलगेमुली, त्यांच्यात हा मिशीवाला फौजी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका मुलाचा खांदा असा काही धरला की मॅडमना म्हणावं लागलं, "जनाब, ये इंसान का कंधा है, जहाज़ का पंख नहीं। ज़रा मोहब्बत से।" मोहब्बत हा विषय हवाई दलाच्या अभ्यासक्रमात नसावा, कारण साडू तो अगदी मुळापासून शिकले. जपानी पद्धतीत अंगठ्यानं ठरावीक जागा दाबतात. तो दाब हलका व्हावा म्हणून त्यांनी जूनमध्ये मलिहाबादला जाऊन दशहरी आंब्यांची अख्खी पेटी आणली आणि साल न दबता आतला गर किती मऊ झालाय हे अंगठ्याला कळेपर्यंत एकेक आंबा दाबला. सुरुवातीचे साठ-सत्तर आंबे अर्थातच कामी आले. आठ दिवस दोन्ही घरांत सकाळ-संध्याकाळ आमरस होता, आणि ज्या आमरसाची मी स्वप्नं बघायचो त्याला हात जोडले. थाई पद्धतीत माणसाला ताणतात, वळवतात, त्याच्या पाठीला गुडघा लावून मागं ओढतात. हा प्रयोग माझ्यावर झाला. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून खालच्या मजल्यावरचे मिश्राजी वर धावत आले. त्या मानानं पाश्चात्त्य पद्धत सोसायला बरी: तेल लावून लांब लांब हात फिरवायचे, मळायचं, थोपटायचं. साडूंनी दोन्हींतला फरक मला एका वाक्यात सांगितला होता. "पश्चिमेकडचे आधी तेल लावून गोड बोलत्यात, पूर्वेकडचे थेट मुद्द्यावर येत्यात."

ज्याच्या अंगाला हात लावला त्याची नोंद ते एका वहीत ठेवत. एकदा ती वही माझ्या हाती लागली आणि मी हबकलो. माझ्या नावाखाली लिहिलं होतं: 'मान डावीकडं पूर्ण वळत नाही. उजवा खांदा कुरकुरतो. पोट, मर्यादेपेक्षा जास्त भार. तरी उडायला योग्य.' खाली सही. अध्यक्षीणबाईंच्या यजमानांच्या नावापुढं 'गुडघे झिजलेले, सुटे भाग मिळत नाहीत' असं होतं. पण खोटं कशाला बोलू, ऑगस्टनंतर त्या हातांना काहीतरी झालं. माझी वर्षानुवर्षांची मानदुखी एका संध्याकाळी त्यांनी अशी उतरवली की मी तिथंच घोरायला लागलो. उठून "बरं वाटलं" म्हणालो, तर साडू पाठ करून बराच वेळ हात पुसत राहिले.

परीक्षा दिवाळीनंतर होती. प्रत्येकानं आपलं माणूस आणायचं, त्याची आधी तपासणी करून 'मालिशीस योग्य' अशा कागदावर सही करायची आणि मग दोन्ही पद्धतींची मालिश करून दाखवायची. साडूंचं माणूस अर्थात मी. दिवाळीला मी सांगलीला गेलो होतो आणि दोनच दिवसांपूर्वी, जवळजवळ सगळा प्रवास बसून काढून परतलो होतो. डाव्या पोटरीत गोळा आल्यासारखं दुखत होतं. पण आज फुकटात चांगली दाबून मिळणार म्हणून मी खुशीत होतो. कमरेला टॉवेल गुंडाळून टेबलावर पालथा पडलो आणि म्हणालो, "साडू, डावी पोटरी तेवढी जरा जोरात हाणा."

साडूंनी पोटरीला हाताचा मागचा भाग लावला. मग दुसरीला लावला. पुन्हा पहिलीला. खिशातून शिंप्याची टेप काढून दोन्ही मोजल्या. "किती दिवस?" त्यांनी विचारलं. मी दोन म्हणालो. त्यांनी परीक्षकापुढचा कागद उचलला, वाचला, आणि सही न करताच परत ठेवला. "ये आदमी ग्राउंडेड है। मालिश नहीं होगी।" दोष सापडलेल्या विमानाला उडायला बंदी करून जमिनीवरच ठेवतात, त्याला हवाई दलात ग्राउंड करणं म्हणतात.

परीक्षक चष्म्यावरून बघतच राहिले. मॅडमनी हळूच सुचवलं की पाय सोडून खांदे करा. साडू नाही म्हणाले. एक पाय गरम, सुजलेला आणि दुखरा असेल तर अंगाला कुठंच हात लावायचा नाही, आधी डॉक्टर, हे तुम्हीच शिकवलंत, असं त्यांनी मॅडमना ऐकवलं. मी तर ओशाळून टेबलाला तोंडासाठी ठेवलेल्या भोकातून फरशीकडं बघत होतो. सहा महिन्यांच्या मेहनतीवर ऐनवेळी माशी शिंकावी ती माझ्या पोटरीतून! शेवटी परीक्षकांनीच तोड काढली. "किसी और को लिटा लीजिए, इन्हें बच्चे अस्पताल छोड़ आएँगे। आप कमरे से गए तो फ़ेल लिखना पड़ेगा, अगला इम्तिहान साल भर बाद है।" एक मुलगा बिचारा लगेच शर्टाची बटणं काढायलाही लागला. साडूंनी शेजारच्या रिकाम्या टेबलाकडं बघितलं. जेमतेम दोन क्षण. मग म्हणाले, "सर, मी ग्राउंड केलंय. पुढच्या हातात देईपर्यंत मला सोडता येत न्हाय." हे ते मराठीत बोलले. परीक्षकांना कळलं नसावं. मला कळलं, आणि मी भयंकर चिडलो. "अहो, साधा गोळा आलाय! शब्द काय दिलाय तुम्ही ताईंना?" असं मी ओरडलोसुद्धा. "गप पडा," साडू म्हणाले.

मला दोन जिने उतरायची परवानगी नव्हती. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, अंगावर पांढरी चादर घालून, चार मुलांनी मला खाली आणलं आणि अमीनाबादच्या भर बाजारातून, कापडाच्या ढिगांमधून, रिक्षापर्यंत वाजतगाजत नव्हे पण त्याच थाटात नेलं. पुढं साडू, "रास्ता दीजिए, रास्ता दीजिए" करत. बँकेचा अधिकारी, आत फक्त टॉवेल. एका दुकानदारानं गल्ल्यावरून उठून अदबीनं विचारलं, "मरहूम कौन थे?" मी चादरीतून तोंड काढून "अभी हैं" म्हटलं, तर तो मटकन खाली बसला.

हॉस्पिटलात सोनोग्राफी झाली. डॉक्टर तरुण होते. चित्राकडं बघता बघता त्यांचं हसू मावळलं. पोटरीच्या आतल्या शिरेत रक्ताची गाठ होती. मी विचारलं, मालिश केली असती तर? "ज़ोर से? सुटून फुप्फुसात गेली असती तर..." आणि ते अर्ध्या मराठीतच थांबले, ते नागपूरकडचे निघाले. त्यांनी वाक्य पुरं केलं नाही आणि मलाही ते पुरं ऐकायचं नव्हतं. साडू दाराशी उभे होते. मला घेऊन जाणारं स्ट्रेचर, सलाईनची बाटली, तिची नळी, सगळं एकदा तपासून झाल्यावर मगच ते खाली बसले. त्यांच्यावर ओरडल्याची त्या दिवशी मला लाज वाटली.

संध्याकाळी ताई डबा घेऊन आल्या. सगळं त्यांना फोनवर कळलं होतं. पदर खोचलेला, डोळे सुजलेले. डबा न उघडताच त्या साडूंना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी परत द्या परीक्षा. मी थांबते. लोकांना सांगेन की माझा नवरा मालिश करतो." मी आणि माझी बायको दोघंही थक्क झालो. साडू मात्र मान हलवत राहिले. "नगं. लग्न झाल्यापासून माझ्या नेमणुकीमागं फिरलीस. एकदा तुझ्या नेमणुकीवर मी येतो." ताई त्यावर भांडल्या, खरंच भांडल्या, नर्स येऊन रागावेपर्यंत. पण शब्द म्हणजे साडूंची सही.

जानेवारीत त्यांच्या दारात टेम्पो लागला. मी औषधं आणि घट्ट पायमोजे यांच्यावर होतो, पण चालत होतो. सामान चढलं, दोरी बांधून झाली. आमच्याकडं साडूच्या पाया पडायची रीत नाही. साडूची चेष्टा करायची, दोघांनी मिळून सासरवाडीची उणीदुणी काढायची, एवढंच ते नातं. पण मी वाकलो आणि त्यांचे पाय धरले. साडू दोन पावलं मागं सरकले. जन्मभर दुसऱ्यांना हादरवणारा तो माणूस "अहो, अहो" एवढंच म्हणत राहिला. मी म्हटलं, "माझ्यामुळं राहिलं तुमचं." त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं. हात अगदी हलका होता. "पाव्हणं, माणूस खाली सुखरूप उतरला, की आमचं काम झालं," ते म्हणाले, आणि ताईंच्या शेजारी जाऊन बसले.

टेम्पो कानपूर रोडला लागून दिसेनासा होईपर्यंत मी फाटकापाशी उभा राहिलो, माझ्या दोन्ही पायांवर.