रोजची एक तक्रार

माझी धाकटी जाऊ घरीच शिवणकाम करते. तिची मुलगी छातीच्या दुखण्यामुळे पहिली दोन-अडीच वर्षं दवाखान्यातच वाढली म्हणा ना. सुया, नळ्या, सगळं झालं. आधी खूप रडायची, मग रडेनाशीच झाली. नर्स म्हणायच्या, "किती शहाणी!" आम्हीही येणाऱ्याजाणाऱ्याला तेच कौतुकाने सांगायचो. देवाच्या कृपेने पोर खडखडीत बरी झाली. ते कौतुक मात्र आमच्या तोंडून सुटलं नाही.

चौथीत ती शाळेच्या जिन्यावरून पडली. घरी येऊन जेवली, अभ्यासाला बसली. संध्याकाळी तिला एका हाताने बटणं काढताना आईने पाहिलं, तर मनगट टम्म सुजलेलं. हाड मोडलं होतं.

"अगं, सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला त्रास झाला असता."

प्लॅस्टर घालून आल्यावर जाऊ मशीनपुढे बसली. मग म्हणाली, "ताई, देवाने हिला वाचवलं. दुखतंय म्हणायला शिकवणं आता माझ्याकडे."

दुसऱ्या दिवसापासून नियमच केला. शाळेतून आलं की मशीनशेजारच्या स्टुलावर बसायचं आणि एक तक्रार करायची. त्याशिवाय सुटका नाही.

"काहीच नाहीये गं."

"मग बस. मला पडदे बरेच शिवायचेत."

बऱ्याच वेळाने पोर पुटपुटली, "स्टूल टोचतंय."

जावेने हातातला पडदा बाजूला टाकला आणि चिंध्या भरून तिथल्या तिथे गादी शिवून दिली.

सासूबाई म्हणाल्या, "लोक पोरांना गप्प बसवून दमतात, आणि ही बया कुरकुरीची शिकवणी घेते!"

"तुम्हीही बसा ना आई. तुमचा तर पहिला नंबर येईल."

सासूबाई फणकारल्या, पण पदराआड हसल्या.

कितीतरी दिवस पोर काहीबाही सांगून सुटका करून घ्यायची. जाऊ मागे हटली नाही.

प्लॅस्टर काढायला मीही सोबत गेले. कापायचं यंत्र घरघरत होतं. पोर ओठ घट्ट मिटून बसलेली. कापणारा म्हणाला, "वा, शहाणी आहे हं! हूं की चूं नाही."

"लहानपणापासूनच..." मी सुरुवात केली, तोच जावेने माझा हात दाबला. ती फक्त लेकीकडे बघत होती.

"थांबा!" पोर एकदम ओरडली. "चटका बसतोय मला!"

त्याने यंत्र बंद केलं. "अरे, तापलंय खरंच. सांगितलंस ते बरं झालं, बाळा."

पोरीचे डोळे भरून आले, आणि सगळ्यांदेखत ती खुशाल रडली. मी मनातल्या मनात हात जोडले.

नाक पुसत ती आईला म्हणाली, "आजची तक्रार झाली हं. आज स्टुलावर बसणार नाही."

"नको बसूस," जाऊ म्हणाली. "उद्या बस."