चंद्राच्या वाट्याचा लाडू

आमच्या दवाखान्यात दिवसभर एवढं बोलणं चालतं की किस्से शोधावे लागत नाहीत. संध्याकाळी वही मिटायला घ्यावी, तर एखादा आधीच पानांत शिरून बसलेला! दवाखाना नाशकात, नदीकाठी, फक्त बायकांचा. डॉक्टरीणबाई, आया रखमाबाई आणि मी, एवढाच कारभार. मी अक्षरं शिकले ती औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून. आता सगळ्या नोंदी माझ्या हातच्या. अंदाज नाही, खोडाखोड नाही, खोटं तर नाहीच.

त्या वर्षी बाईंनी नवं काम काढलं. गरीब वस्त्यांतल्या मुली काय खातात आणि कोणत्या वयात शहाण्या होतात, हे एकेकीला विचारून लिहायचं. मला तर हुरूप आला!

*

पहिली अडचण वयाची. जन्मतारीख कुणाला ठाऊक? दोन मुली घेऊन आलेल्या एका आईला विचारलं, तर म्हणाली, "दोघीबी सिंहस्थात झाल्या."

गावात तेव्हा पुन्हा सिंहस्थाचीच तयारी चालू होती. हिशोब सोपा! मी झटकन लिहिलं: वय बारा, वय बारा, जुळ्या. मान वर केली, तर एकीच्या कडेवर मूल!

"अवो, ही त्याच्या आधीच्या सिंहस्थातली!"

माझ्या वहीतली पहिली खोड तीच.

*

"काय खातेस गं?" या प्रश्नाला पहिला आठवडाभर एकच उत्तर यायचं: "दूध, तूप, वरणभात." घरची अब्रू! घरून आयांनी पढवूनच पाठवलेलं. वजनाला उभं करावं, तर काटा जेमतेम हलायचा.

शेवटी रखमाबाई एकीला म्हणाल्या, "एवढं तूप खाऊन तू अशी, तर तुमची म्हैस कशी असंल गं?"

पोरगी रडवेली झाली. "म्हैस नाय. भाकर अन् मिरची."

आणि ओळीतल्या मागच्या सगळ्या जणी एकदम ओरडल्या, "आमचंबी तेच लिवा!"

*

मग बाईंनी वजन कमी असलेल्या मुलींना रोज एक दाण्या-गुळाचा लाडू सुरू केला. महिन्याभरात गालांवर रंग दिसायला लागला. फक्त चंद्रा नावाची एक मुलगी तशीच. ती शाळेत सगळ्यात हुशार, मराठी शाळेच्या शेवटच्या परीक्षेला बसणार होती. लाडू हातात घेऊन म्हणायची, "घरी आजीसंगं खाते." आणि दर आठवड्याला वजन थोडं कमीच!

रखमाबाई चौकशीला तिच्या घरी गेल्या आणि धापा टाकत परत आल्या.

"बाई, लाडू लागतोय हो! पण शेळीला!"

*

आजीला बोलावलं. यात्रेकरूंची धुणी धुऊन पोट भरणारी म्हातारी, पण बाईंसमोर जराही दबली नाही.

"मीच घालते शेळीला. गूळ नाय, तीळ नाय, अंडं नाय. पोरगी अर्ध्या भाकरीवर ठेवलीय."

"अहो, पण का?" बाई चिडल्या.

"खाल्लं की पोर लवकर शहाणी व्हते. पाळण्यात लगीन लागलंय हिचं घोटीला. न्हाण आल्याचं कळलं की दुसऱ्या दिवशी त्यांची बैलगाडी दारात! मग कसली शाळा? हिच्या आईला अशीच धाडली व्हती, तेराव्या वर्षी. हिला जन्म देऊन गेली. ही परीक्षा देऊन मास्तरीण झाली तर कुणाच्या दारात जायची नाय."

बाई ताडकन उठल्या. मला वाटलं, आता आणखीच रागावणार. त्या माझ्याकडे वळल्या. "ऐकलंत? उपाशी मुली उशिरा शहाण्या होतात, हे मी तुमच्या नोंदी जुळवून इतके महिने शोधतेय. या तर कधीपासून जाणून आहेत!"

*

पण त्याच आठवड्यात चंद्रा शाळेत फळ्यापाशी चक्कर येऊन पडली. बाई आजीला म्हणाल्या, "शहाणी ती कधी ना कधी होणारच. पण उपाशी डोक्यात गणित कसं राहील? परीक्षेच्या दिवशी पडली तर?"

आजीने चंद्राचं मनगट दोन बोटांत धरून पाहिलं. मग म्हणाली, "अर्धा देते. अर्धा शेळीचा."

*

परीक्षा चार दिवसांवर आली होती. सकाळी दार उघडतेय तोवर आजी हजर, पदरात साखर! बाईंच्या हातावर चिमूट ठेवली, रखमाबाईंच्या ठेवली, माझ्या ठेवली. पाठीमागे चंद्रा, मान खाली, केसांतून पाणी निथळतंय.

पोरीला न्हाऊ घालून घरी अशी साखर कधी वाटतात, ते आम्हां तिघींनाही ठाऊक होतं.

"कशाबद्दल हो?" बाईंनी हळूच विचारलं.

"पोरगी पास झाली म्हणून!"

"परीक्षा तर सोमवारी आहे!"

"व्हनारच हाय. म्हणून आधीच वाटते." मग आजी माझ्याकडे वळली. "तुमच्या वहीतला सवाल इचारा की."

मी दौत पुढे ओढली. "चंद्रा शहाणी झाली का?"

"अजून नाय," आजी म्हणाली.

मी बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीतून नदी बघत होत्या. मी टाक बुडवला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: अजून नाही.

शाई वाळेपर्यंत आजी टेबलापाशी उभी राहिली. मग हात पुढे करून म्हणाली, "आता लाडू दोन द्या."